वास घेणारी गिऱ्हाइकं

१४ एप्रिल

आज आउनेबाईंच्या घरापुढे विक्रीची पाटी रोवली. जमीन वरून चिखल, आतून अजून बर्फ. खांब काही केल्या उभा राहीना आणि आउनेबाई खिडकीतून मजा बघत होत्या. शेवटी स्वतःच कुदळ घेऊन बाहेर आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! म्हणाल्या, "औती, तू घरं विकतेस की त्यांना गुदगुल्या करतेस?"

घर त्यांच्या सासऱ्यांनी युद्धावरून परत आल्यावर बांधलेलं. दीड मजली, लाकडी, खाली तळघर आणि सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, वर उतरत्या छताच्या दोन खोल्या. विकायचं कारण एकच, बहीण. लेम्पी साव्होनलिनाला असते आणि तिला आता फारसं दिसत नाही. तिच्या शेजारचा फ्लॅट आउनेबाईंसाठी जूनमधल्या युहान्नुसच्या सणापर्यंत राखून ठेवलाय. तोवर घर विकलं गेलं नाही तर तो फ्लॅट यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. लग्नानंतर दोघी एका गावात कधी राहिल्या नाहीत. आता भिंतीला भिंत लावून राहायचंय म्हणतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

माझा खोकला आहेच. हीटरची कोरडी हवा, दुसरं काय.

१९ एप्रिल

घर दाखवण्याचा पहिला रविवार. सकाळी लवकर जाऊन आउनेबाईंच्या ओव्हनमध्ये वेलदोड्याचे बन भाजले. इतक्या वर्षांचा माझा अनुभव आहे, बनचा वास आला की माणसं मनातल्या मनात पडदे लावायला लागतात. आउनेबाईंना शेजारी पाठवलं होतं. मालकाने घर दाखवताना हजर राहू नये, हा धंद्यातला पहिला नियम. मी चांगली आठ-दहा माणसं घेऊन तळघरात उतरले तर सौनाचं दार उघडून आउनेबाई बाहेर!

"हे बघा, एका वसंतात इथे गुडघाभर पाणी होतं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "बटाटे तरंगत होते. मग नवऱ्याने घराभोवती खणून पाइप घातले. तेव्हापासून कोरडं आहे. पण पाणी होतं ते होतं."

निम्मी माणसं तिथूनच परत फिरली. फक्त एक जोडपं पुढे आलं आणि त्यांनी आउनेबाईंना विचारलं, किती दिवस होतं, कुठपर्यंत होतं, लाकडं बदलली का. कोर्पेला त्यांचं आडनाव. तो यार्को, धिप्पाड, गुडघ्यावर टेकून टॉर्च मारणारा. ती हान्ने, बारीक, ओठ आवळलेली. वर येऊन दिवाणखान्यात माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिने नाक वर केलं.

"हे बन कशाला?"

"खायला," मी म्हटलं.

"लपवण्यासारखं काही असलं की लोक बन भाजतात." मग नवऱ्याला म्हणाली, "इथे आहे. खाली नव्हता, इथे आहे."

काय आहे ते सांगितलं नाही. बनला हातही लावला नाही.

२३ एप्रिल

कोर्पेला पुन्हा आले. बन नाहीत, खिडक्या उघड्या. हान्ने मला म्हणाली, "आज दिवाणखान्यात वास नाही." मी म्हटलं, बघा! मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मी तिला चूल दाखवत होते, तर ती एकदम मागे सरकली. "आता इथे आहे."

त्यांची मुलगी विलिया सात-आठ वर्षांची असेल. तिला गाडीतच बसवून ठेवतात. मला वाईट वाटलं म्हणून मी बाहेर जाऊन तिला थोडा वेळ बोलायला लावलं, पिशवीतून चॉकलेट काढून दिलं. हान्ने अंगणातून अशी धावत आली की मला वाटलं आग लागली. मुलीच्या हातातलं चॉकलेट काढून घेतलं, गाडीची काच वर केली. "कृपा करून तिच्या जवळ जाऊ नका," म्हणाली. माझ्या तोंडावर!

रात्री जेवण गेलं नाही. मी कोणाचं काय वाईट केलंय?

२८ एप्रिल

डोकं इतकं दुखत होतं की दुपारी आउनेबाईंकडे कागद घेऊन गेले ती त्यांच्या बाकावरच आडवी झाले. उठले तर संध्याकाळ झालेली आणि डोकं एकदम हलकं. आउनेबाईंनी मटाराचं सूप वाढलं. त्यांच्या घरात काहीतरी जादू आहे. माझ्या फ्लॅटवर मी दहा तास झोपले तरी उठताना डोक्यावर पोतं असतं.

१ मे

वाप्पू, वसंताचा सण. गावात सगळीकडे फुगे आणि विद्यार्थ्यांच्या पांढऱ्या टोप्या. मी दोन डोनट आणले आणि दोन्ही एकटीने खाल्ले. आर्तोने शुभेच्छांचा मेसेज पाठवला, खाली त्याच्या नव्या बाईचंही नाव. घटस्फोटानंतर वर्षभर माणसाची तब्येत अशीच राहते म्हणे. तळमजल्यावरचा हा फ्लॅट मिळाला ते तरी नशीब. घरमालक भला माणूस आहे. मी यायच्या आधी सगळ्या भिंती स्वतःहून रंगवून दिल्या.

दिवसभर खोकला. आता बर्चचे पराग सुरू होतील, म्हणजे बघायलाच नको.

५ मे

तिसरी खेप. यार्कोने खाली तळघरात सगळ्या भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावलं. सगळं कोरडं. मी त्याच्याबरोबर होते. हान्ने वर माळ्याच्या खोलीत आउनेबाईंबरोबर कॉफी पीत बसली होती. जिन्यावरून मला तिचं हसणं ऐकू आलं. हसते ही बाई! मी हौसेने वर गेले. मी आत शिरले, त्यांच्याजवळ बसले आणि तिचा चेहरा पडला. कप खाली ठेवला.

"आला," ती म्हणाली. "आत्तापर्यंत नव्हता."

वासाला पाय फुटलेत. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून माळा. पुढच्या खेपेला पोस्टाच्या पेटीत सापडेल. माझं तर मत झालंय की वास घरात नाही, मीच तिच्या डोळ्यात खुपते. काही माणसांना आपण आवडतच नाही, त्याला इलाज नसतो.

जाताना तिने मुलीच्या उशीचा अभ्रा आउनेबाईंकडे दिला. तीन रात्री तो माळ्यावर अंथरून ठेवायचा, मग ती हुंगणार. मी आउनेबाईंकडे बघून डोळा मारला. त्या हसल्या नाहीत. "बरोबर आहे," म्हणाल्या. "मीही दूध हुंगल्याशिवाय पीत नाही."

८ मे

अभ्रा घेऊन आले. आउनेबाईंनी कागदात गुंडाळून ठेवला होता. कोर्पेला सोमवारी भेटणार. आपल्याला बोल लागायला नको, म्हणून घरी आणून कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांवर नीट ठेवलाय.

११ मे

गेलं. सगळं गेलं.

ऑफिसात हान्नेने अभ्रा उलगडला, नाकाशी धरला, नवऱ्याकडे दिला आणि बाहेर निघून गेली. यार्को मात्र बसला. आज पहिल्यांदा तो नीट बोलला. त्यांचं आधीचं घर बाहेरून नवंकोरं होतं आणि भिंतींच्या आत बुरशी. कोणाला पत्ता नव्हता. विलिया शाळेत जायच्या वयात दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती. शेवटी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. सोफा, पुस्तकं, बाहुल्या, लग्नाचे फोटो, सगळं टाकून दिलं. दोन वर्षं सासूच्या हॉलमध्ये झोपतात.

"आम्ही विचित्र वाटतो, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "पण हान्ने चुकत नाही हो. घरात सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं आणि तेव्हा आम्ही सगळे तिला हसलो होतो."

मला लाज वाटली. चॉकलेटचा रागही विरला. तरी खरं लिहायचं तर मला अजून वाटतं की भीती त्यांच्या डोक्यात बसलीय. आता त्यांना जगातल्या प्रत्येक घरात तोच वास येणार.

१४ मे

आमच्या ऑफिसच्या मालकाने, रेइमाने बोलावलं. एका बांधकामवाल्याचा भाव आलाय. कमी आहे, पण लगेच घेणार. घर पाडून तिथे चार जोडघरं बांधणार. रेइमा म्हणाला, "औती, तुझ्या त्या नाकवाल्यांना आता नारळ दे. म्हातारीला तारीख गाठायची आहे ना?"

आउनेबाईंना सांगितलं. बराच वेळ टेबलाच्या कापडावरच्या सुरकुत्या सारख्या करत बसल्या.

"पाडायचंच म्हणतो?"

"हो."

"लेम्पीला काल फोनवर मीच दिसले नाही म्हणून रडली. फोनवर दिसतं का कधी? पण तिला आठवत नाही आता." मग म्हणाल्या, "महिनाअखेरीपर्यंत बघू. नाहीतर पाडू दे. माणसं आधी, लाकडं नंतर. त्या मुलीला एकदा फोन कर, हान्नेला. तिला म्हणावं, अजून काय बघायचं असेल ते बघ."

मी फोन केला. मला वाटलं उचलणार नाही. उचलला. म्हणाली, कुत्री आणू का?

१९ मे

कुत्री आली. नेक्कू तिचं नाव, तपकिरी, गंभीर, इन्स्पेक्टरसारखी. तिला बुरशी हुंगायचं शिक्षण दिलेलं आहे. जिथे सापडेल तिथे ती खाली बसते. तिची मालकीण तेर्तू अशा कामांसाठी तिला गावोगाव नेते. विकणाऱ्यांच्या घरात ह्या दोघी शिरल्या की आम्ही एजंट सौदा मोडला असंच धरून चालतो.

आम्ही सगळे स्वयंपाकघरात शांत उभे. नेक्कूने तळघर हुंगलं. पुढे गेली. सौना, पुढे. माळा, दोन्ही खोल्या, छताचे कोपरे, पुढे. माझ्या जिवात जीव आला. यार्कोने हान्नेचा हात धरला होता. मग नेक्कू दाराजवळच्या बोळात आली, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी थबकली आणि खाली बसली.

तेर्तूने तिला फिरवून परत आणलं. पुन्हा तिथेच बसली.

"ही भिंत," तेर्तू म्हणाली. "सॉरी."

हान्ने रडली नाही, नुसती "हो" म्हणाली. आउनेबाईंनी भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "उघडा. माझं घर आहे, मी सांगते उघडा."

मी कोट घेऊन घरी आले. दोन गोळ्या घेतल्या. आउनेबाईंची बहीण, तो फ्लॅट, सगळं डोळ्यासमोर आलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. रडून खोकला अजून वाढला.

२१ मे

हे नीट लिहायला हवं.

यार्कोने सकाळी बोळातल्या भिंतीच्या फळ्या काढल्या. आत भुसा, वर्तमानपत्रांचे जुने कागद आणि खडखडीत कोरडं लाकूड. यंत्र लावलं. काही नाही. तेर्तू चक्रावली. अशी चूक नेक्कू करत नाही, म्हणाली. पुन्हा फिरवते.

नेक्कू उघड्या भिंतीजवळून शेपटी हलवत निघून गेली. ढुंकूनही बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात आली आणि एका खुर्चीपुढे बसली. खुर्चीवर माझा कोट होता.

"हा कोट कोणाचा?" तेर्तूने विचारलं.

"माझा," मी म्हटलं. "परवाही इथेच होता. म्हणजे बोळात, खुंटीवर."

तेर्तू म्हणाली, तो बाहेर नेऊन सफरचंदाच्या झाडाला टांगा, आणि तुम्हीही बाहेर थांबा. मी थांबले. घरभर फिरून नेक्कू अंगणात आली, झाडाखाली जाऊन बसली आणि वर कोटाकडे बघत राहिली. यार्कोला हसू फुटलं. आउनेबाई तर कठडा धरून हसायला लागल्या. "बाई, तुझ्या कोटात बुरशी! आणि मी माझी भिंत फोडून घेतली!" मलाही हसू आलं आणि हसता हसता मी खोकायला लागले.

हान्ने हसत नव्हती. ती माझ्याकडे आली. त्या पहिल्या रविवारनंतर ती प्रथमच स्वतःहून माझ्या जवळ आली.

"कुठे राहतेस तू?"

"तळमजल्यावर. फ्लॅट आहे."

"खोकला कधीपासून आहे?"

मी म्हटलं, हीटर, बर्च, घटस्फोट. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "डोकंही दुखतं का? घराबाहेर असलीस की थांबतं?"

मला आउनेबाईंचा बाक आठवला. मी खालीच बसले, पायरीवर.

"पहिल्या दिवसापासून तूच होतीस," ती म्हणाली. "मी वेडी व्हायला आले होते. घर चांगलं वाटायचं, मग एकदम आमच्या जुन्या घराचा वास यायचा. तू यायचीस, वास यायचा. माझ्या डोक्यातच आलं नाही की माणूसही असा वास आणू शकतो." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच बुरशीच्या ब्लाउजवर.

सगळे माझ्या फ्लॅटवर गेलो. हान्ने दारातच थांबली. आत येऊ शकत नाही म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. यार्कोने माझं कपाट भिंतीपासून ओढलं. मागची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळी होती. वर तो भल्या माणसाचा भला रंग. अभ्रा मी याच कपाटात ठेवला होता. इस्त्रीच्या कपड्यांवर, नीट.

यार्को म्हणाला, "काही घेऊ नका. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, बाकी काही नाही."

मी चपलांनिशी बाहेर पडले. मला दुःख व्हायला हवं होतं. आठ महिने मला वाटत होतं की मी म्हातारी होतेय, आर्तो गेला म्हणून आतून मोडलेय, आता हे असंच राहणार. आणि हे तर नुसतं भिंतीचं दुखणं! खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं.

२२ मे

काल संध्याकाळी आउनेबाईंनी सौना तापवला. मी, त्या आणि हान्ने. हान्ने म्हणाली, केस तीनदा धुवायचे, आणि स्वतःच माझं डोकं घासायला बसली. बापरे, काय हात आहेत बाईचे! आउनेबाईंनी दगडांवर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "नवऱ्यानंतर इथे इतकी गर्दी पहिल्यांदाच झाली."

वाफेत मी हान्नेला चॉकलेटबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तू त्या वासाच्या घरातून सरळ तिच्याकडे गेली होतीस. मला नुसतं दिसलं की त्या वासाचा हात माझ्या मुलीकडे येतोय. मला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, मलाही विचारता आलं असतं.

आता आउनेबाईंचा लोकरीचा स्वेटर आणि त्यांच्या नवऱ्याची पँट घालून माळ्यावरच्या खोलीत बसून लिहितेय. ही वहीसुद्धा नवी आहे. जुनीच्या पानांचे यार्कोने फोनवर फोटो काढले आणि ती टाकून दिली, पानं वाचली नाहीत म्हणतो. रेइमाला फोन केला तर म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाइकांना पळवून लावणारी तूच?" मी म्हटलं, हो, आणि आता परत आणणारीही मीच.

सकाळपर्यंत झोपले. एकदाही उठले नाही.

३० मे

कोर्पेलांनी एक रात्र राहून बघायचं मागितलं. आमच्या धंद्यात असं कोणी देत नाही. आउनेबाईंनी दिलं. मी मुद्दाम रेइमाच्या बायकोकडे गेले झोपायला, घरात फक्त ते तिघं आणि आउनेबाई.

सकाळी लापशी खायला गेले तर विलिया माळ्याच्या जिन्यावरून खाली घसरत येत होती. पायऱ्यांवरून, बसल्या बसल्या, ओरडत. यार्को चुलीपाशी पाठमोरा उभा होता आणि वळतच नव्हता. आउनेबाई माझ्या कानात म्हणाल्या, "पोरगी रात्रभर खोकली नाही. तो पहाटेपासून असाच उभा आहे. बघू नकोस त्याच्याकडे."

बांधकामवाल्याला नकार कळवला.

४ जून

मीही भाड्याची खोली बघायला गेले. जुनं लाकडी घर, मालकीणबाई बोलकी, टेबलावर गरम बन. मी नाक वर केलं. मग पिशवीतून उशीचा अभ्रा काढला आणि विचारलं, हा इथे तीन रात्री ठेवू का? बाई मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मी तिचा चेहरा ओळखला. तो महिन्यापूर्वी माझा होता.

९ जून

आज बँकेत सह्या. मी आदल्या दिवशी दुकानातून सगळं नवं घेतलं, अगदी मोज्यांपासून, आणि सगळं सौनाच्या पाण्यात धुऊन बाहेर वाळवलं. तरी कोणाच्या जवळ बसायचीही भीती वाटते अजून.

साक्षीला आलेल्या अधिकाऱ्याने करार वाचून दाखवला. आउनेबाईंनी पहिली सही केली, एकेक अक्षर जपून. यार्कोने केली. मग हान्नेने पेन उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. ती करारातलं एक वाक्य पुन्हा वाचत होती, की दुसरंच काही, मला कळेना. रेइमा खुर्चीत पुढे सरकला. आउनेबाईंनी माझा हात टेबलाखाली दाबला.

हान्नेने पेन खाली ठेवलं, उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. सगळ्यांदेखत वाकली, नाक माझ्या मानेपाशी आणलं आणि एक लांब श्वास घेतला. अधिकारी गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. मी डोळे मिटले.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसती औती आहे."

आणि जाऊन तिने सही केली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, नाक शिंकरत रडले आणि मला जराही लाज वाटली नाही. आउनेबाई तोवर बँकेच्या दारात उभ्या राहून फोनवर ओरडत होत्या, "लेम्पी! अगं, ऐकू येतंय का? कॉफी ठेव, मी येतेय!"